कुराबिएस खाताना बोलायचं नाही

गुलाबपाण्याची एकच बाटली उरली होती आणि तिच्यावर एकदम दोन हात पडले. एक माझा. दुसरा एका शिपायाचा.

"सोड," मी म्हटलं.

त्याने सोडली. लगेच! जरा ओढाताण नाही, काही नाही.

मला तर भांडायचं होतं. आई ऑलिव्हच्या झाडाखाली शिडीवरून पडून मनगट मोडून बसलेली. ख्रिसमस अकरा दिवसांवर. आणि आमच्या सगळ्या गल्लीचे कुराबिएस, म्हणजे ख्रिसमसची लोणी-बदामाची बिस्किटं, दरवर्षी आमच्याच घरी होतात, ते यंदा मी करायचे होते. मी! जिने शाळा सोडली, शिवणाचा क्लास सोडला, केस कापायच्या दुकानातली नोकरी तर तिसऱ्या दिवशी सोडली. सकाळपासून मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि समोर आला तर हा असा.

"कसला रे सैनिक तू? एवढ्यात शरण?"

"बाटलीसाठी लढायचा हुकूम नाही आला अजून," तो म्हणाला. आवाज शांत. पण कान लालभडक. डोकं नुकतंच भादरलेलं, त्यामुळे कान जास्तच दिसत होते.

काउंटरमागून दुकानदार पांतेलीस काका हसले. "स्मारो, नको गं घाबरवू त्याला. झीसिस आहे तो, वरच्या छावणीतला स्वयंपाकी. पोरांना ख्रिसमसला कुराबिएस खाऊ घालणार म्हणतोय. पण छावणीचा ओव्हन एका बाजूने जाळतो नि एका बाजूने कच्चं ठेवतो."

मी बाटली घेऊन दारापर्यंत गेले. मग काय झालं कुणास ठाऊक... परत वळले.

"अर्धी देईन. पण घरी येऊन न्यायची. आणि फुकट नाही, परात धरायला लागेल."

"मला परात छान धरता येते," तो म्हणाला.

असं म्हणाला, जणू मी त्याला नाचायला बोलावलंय.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टीचा कागद खिशात घालून तो खरंच आला. दारातच बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते त्याने दुसऱ्या पायाखाली लपवलं. मी पाहिलं. मला सगळं दिसतं, हीच तर माझी खोड.

"मावशी, मी झीसिस. डोंगराकडचा."

"ये बाळा," आई म्हणाली. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती खुर्चीत राणीसारखी बसली होती. "मला एकच हात आहे, आणि हिला दोन असून नसल्यासारखे. हिचे हात म्हणजे चुली. पीठ लाटायला घेतलं की चिकटतं, चीज धरलं की वितळतं."

"आई!"

"खोटं बोलले का मी?"

झीसिस हसला नाही. त्याने बाह्या वर केल्या, हात धुतले आणि परातीतलं मेंढीच्या दुधाचं लोणी फेसायला घेतलं. कुराबिएसचं सगळं त्या लोण्यात असतं. पीठ, भाजलेले बदाम, ते सगळं नंतर. आधी लोणी हाताने फेसायचं, फेसायचं, पिवळेपणा जाऊन पांढरं होईपर्यंत. आईला तासभर लागतो. झीसिसने अर्धा तास फेसलं, घामाघूम झाला, आणि लोणी होतं तसंच. पिवळे गोळे.

"गारठलंय," आई म्हणाली. "तुझे हात बर्फ आहेत रे."

"डोंगराकडचे आहेत, मावशी."

"हो बाजूला," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं, आणि परातीत हात घातला.

लोणी माझ्या बोटांखाली लगेच सैल झालं. मी गोल गोल फिरवत राहिले. रागाने फेसत होते खरं तर. आईवर राग, शाळेवर राग, मोज्याच्या भोकाकडे माझं सारखं लक्ष जात होतं त्याचाही राग. आणि मग...

मग ते व्हायला लागलं. आधी कडेने. पिवळ्याचं फिकट, फिकटाचं दुधाळ. हात जड झाला होता तो हळूहळू हलका झाला. आवाजसुद्धा बदलला, आधी चप्‌-चप्‌, मग नुसती कुजबुज. मी काहीच नवीन घातलं नव्हतं. तेच लोणी, तीच परात. आणि माझ्या हाताखाली एक ढग तयार होत होता.

"थांबू नकोस," झीसिस हळूच म्हणाला. तो परात धरून इतका जवळ वाकला होता की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. "पिवळं कुठे गेलं गं?"

"मला काय माहीत!"

"मी छावणीत दोनशे माणसांचा स्वयंपाक करतो. असं कधी नाही पाहिलं."

मी वर पाहिलं. तो लोण्याकडे बघत नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता, चर्चमध्ये दिव्याकडे बघतात तसं. मला एकदम वाटलं की हे हात माझे नाहीतच, कुणीतरी वापरायला दिलेत, आणि आता जपून धरायला हवेत.

आईसुद्धा खुर्चीतून पुढे झुकून परातीत बघत होती.

मग आम्ही चंद्रकोरी वळल्या. त्याच्या नेटक्या, एका मापाच्या. माझ्या... चंद्राला ग्रहण लागलेलं. ओव्हनमधून ट्रे बाहेर आला, घरभर भाजलेल्या बदामाचा आणि लोण्याचा वास. त्याने गुलाबपाणी शिंपडलं, मी वरून पिठीसाखरेचा पाऊस पाडला, आणि आम्ही तिघं नुसते बघत बसलो. कारण खायचं नव्हतं! ख्रिसमसपर्यंत उपास. लोणी, दूध, अंडं, सगळं बंद. आपणच केलेलं, आणि कसं झालंय ते दहा दिवस कळणार नाही.

"हे क्रूर आहे," मी म्हटलं.

"हे बरं आहे," झीसिस म्हणाला. "दहा दिवस वाटत राहील की छानच झालंय."

"आणि खाताना बोलायचं नाही हां. श्वाससुद्धा सोडायचा नाही, नाहीतर साखर उडते."

"तुला जमतं? न बोलणं?"

मी त्याच्यावर फडकं फेकलं. त्याने ते एका हाताने झेललं.

निघताना आई त्याला म्हणाली, "तुझ्या हातांना आयुष्य, पोरा." आमच्याकडे कुणी चांगलं रांधलं की असं म्हणतात. मला हे आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. तिने त्या दिवशीही मला नाही म्हटलं.

*

तो अजून तीनदा आला. लोणी मी फेसायचे, बाकी सगळं तो. मला कळलं की तो झोपेत भाज्यांची नावं घेतो (त्याच्या मित्राने सांगितलेलं), बर्फात चालताना त्याला शीळ घालायची सवय आहे, आणि मी ओरडले की तो माझा आवाज संपेपर्यंत थांबतो, मग जिथे राहिलं होतं तिथून पुढे बोलतो. असा माणूस मी पाहिला नव्हता. सगळे एक तर उलट ओरडतात, नाहीतर पळतात.

आणि मग मी ती घाण केली.

पांतेलीस काकांच्या दुकानाबाहेर दोन टेबलं असतात. तिथे चार शिपाई कॉफी पीत बसले होते, त्यांच्यासमोरून मी चालले होते.

"काय गं, आमचा स्वयंपाकी हल्ली जेवणात मीठ विसरतो! काय केलंस त्याला?"

"लग्नाचं कधी कळवणार?"

काका हसले. शेजारची मारिगो हसली. माझी मान तापली, कान तापले, आणि तोंड तर माझं डोक्याच्या आधी चालतं.

"तो? त्याच्याशी? तो तर कुराबिएस आहे नुसता!"

सगळे खदखदून हसले. कारण आमच्याकडे कुराबिएस म्हणजे मिठाई, पण शिपायाला म्हटलं तर शिवी. बाकीचे सरहद्दीवर उभे असताना जो मागे स्वयंपाकघरात ऊब घेत बसतो, तो कुराबिएस. मऊ. भित्रा. फुंकर मारली की उडणारा.

हसणं अचानक थांबलं. मी मागे वळले.

झीसिस उभा होता. हातात आमच्या घरचा ट्रे, धुऊन पुसून परत आणलेला.

"हा मावशींना दे," तो म्हणाला. ट्रे माझ्या हातात नीट ठेवला, दोन्ही हातांनी, सांडेल असा जणू. आणि निघून गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं.

*

"मऊच आहे तो," रात्री जेवताना आई म्हणाली. मला वाटलं होतं ती समजूत काढेल. "मग? घरात दगड आहे ना एक. दुसरा कशाला हवा?"

तो आला नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच. मी छावणीच्या फाटकापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले. माफी मागायचे शब्द माझ्या तोंडात बसतच नाहीत. लहानपणापासून नाहीत.

चोवीस तारखेला सकाळी पोरं त्रिकोणी घंटा वाजवत दारोदार गाणी म्हणत होती. पांतेलीस काका दारात आले. "झीसिसची बदली झाली. पार उत्तरेला, नदीच्या सरहद्दीवर. चारच्या बोटीने चाललाय."

"माझं काय त्यात?" मी म्हटलं.

काका गेले. मी लोणी काढलं.

त्या दिवशी सगळं एकटीने केलं. मापं, पीठ, बदाम, ओव्हन. आई खुर्चीतून बघत होती आणि एकदाही "असं नाही, तसं" म्हणाली नाही. लोणी फेसताना या वेळी राग नव्हता. भीती होती. कोमट, थरथरती भीती. तरीही ते पांढरं झालं. कोरी वळल्या, वाकड्यातिकड्या. गरम असतानाच गुलाबपाणी, मग साखर, मग डबा. साडेतीन.

मी धावले.

धावताना देवाला म्हणत होते, वारा सोड रे, जोराचा वारा सोड म्हणजे बोटी बंद होतील! डिसेंबरभर आमच्या बेटावर वारा असतो. आणि त्या दिवशी समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा. पान हलत नव्हतं.

तो धक्क्यावर होता. पाठीवर मोठी पिशवी. बोटीचं तोंड उघडलेलं, गाड्या आत चाललेल्या.

"झीसिस!"

तो वळला. मी डबा उघडून त्याच्यासमोर धरला. मला धाप लागली होती.

"खा."

"उपास आहे."

"उद्या तू कुठे असशील? खा. पाप माझ्या नावावर."

त्याने डब्यात पाहिलं. सगळ्यांत वाकडी कोर उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. ओठ मिटले. आता त्याला बोलता येणार नव्हतं. मी याचीच वाट बघत होते.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "ऐक. मी म्हटलं ना ते, सगळ्यांसमोर... ते मला म्हणायचं नव्हतं. म्हणजे... तू मऊच आहेस. पण मला ते... सगळे माझ्यावर ओरडतात आणि तू थांबतोस. मी चुकले. हे मी आजपर्यंत कुणाला म्हटलेलं नाही, आईला विचार. आणि तू मला आवडतोस. झालं. बोलू नकोस म्हटलं ना! तोंडात आहे!"

तो चावत नव्हता. त्याचे डोळे मोठे झाले होते. मग त्याने हळूहळू चावलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं. परातीपाशी होतं ते. दिव्याकडे बघतात तसं. म्हणजे छान झालं होतं. मी एकटीने केलेलं, छान झालं होतं!

बोटीचा भोंगा वाजला. मी दचकले. आणि त्याने नियम मोडला.

"हातांना आयुष्य, स्मा..."

फुस्स! साखरेचा एक ढगच आला. माझ्या नाकावर, पापण्यांवर, अंगात घातलेल्या आईच्या काळ्या कोटावर. तो खोकला, मी किंचाळले, तो हसला, आणखी साखर. धक्क्यावरचा खलाशी ओरडला, "अरे चढतोयस का लग्न करतोयस?"

झीसिसने माझा हात धरला. त्याचा बर्फासारखा, माझा चुलीसारखा. "एप्रिलमध्ये सुटतो मी. सरळ इकडे येईन. लोणी फेसायचं असेल ना?"

"एप्रिलमध्ये कुणी कुराबिएस करतं का, वेड्या?"

"मग डिसेंबरपर्यंत थांबेन."

डबा घेऊन तो धावत चढला. बोट वळली, लहान झाली, आणि समुद्र मघासारखाच गुळगुळीत. वारा नव्हता म्हणून बोट गेली. पण वारा नव्हता म्हणून साखरही उडून गेली नाही. माझ्या अंगावर जशी पडली तशीच राहिली.

मी झटकली नाही. सगळ्या बाजारातून तशीच चालत आले. काकांच्या दुकानाबाहेर तेच चार शिपाई, तीच मारिगो.

"स्मारो!" काका म्हणाले. "अगं, अंगभर हे काय पांढरं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी थांबले.

"माझा कुराबिएस," मी म्हटलं. मोठ्याने.

या वेळी कुणीच हसलं नाही.