रंगावरची साय

आधी मांजर आलं, माणूस नंतर.

हनानीने पोर्चमध्ये बादल्या पालथ्या घालून त्यांच्यावर गाडीच्या पोटातून काढलेले भाग मांडले होते. डॅशबोर्डची मधली चौकट, दारांच्या हातमुठी, गिअरभोवतीचं कडं. काळ्या रंगाचा हात नुकताच मारून झाला होता. दोन पावलं मागे सरकून ती बघत होती आणि मनात म्हणत होती, झालं की, एवढं काय अवघड... तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून एक नारिंगी बोका उतरला, मधल्या चौकटीवर उभा राहिला, एकेक पाय उचलून झटकला आणि सावकाश पुढच्या बादलीवर गेला.

"ओयेन, नको," भिंतीपलीकडून आवाज आला. "ओयेन, खाली ये. म्हणजे... वर ये. इकडे ये."

छातीएवढ्या भिंतीवर एक चष्मा दिसला. मग चष्म्याखालचा ओशाळलेला चेहरा.

"हा तुमचा?" हनानीने विचारलं.

"नाही म्हटलं तर चालेल?"

"पायाचे ठसे आहेत. पोलिसांत देता येतील."

"मग माझाच."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. सकाळपासून ती या कामाला लागली होती. गाडी जुनी, अबाहची, म्हणजे तिच्या वडिलांची. तिच्या आतल्या प्लास्टिकवर एक मऊ लेप होता, तो उन्हाने वितळून दोदोलच्या मिठाईसारखा चिकट झाला होता. दार ओढलं की हाताला काळं. अबाह नमाजाला निघाले की पांढऱ्या टोपीवर पाच बोटं उमटलेली. ते काही बोलत नसत. बायको गेल्यापासून अबाह कशाबद्दलच तक्रार करत नसत, आणि हनानीला तेच सोसत नव्हतं. आईच्या आजारपणात ती क्वालालंपूरची नोकरी सोडून तायपिंगला आली, टपाल कचेरीत लागली, आणि आई गेल्यावर परत गेली नाही. निदान गाडीचं काळं तरी निघावं, म्हणून तिने सगळे भाग उपसून काढले होते, लेप स्पिरिटने पुसला होता, घासला होता, आणि आता त्यावर बोक्याची पावलं होती.

"मी सरळ करून देतो," भिंतीवरचा माणूस म्हणाला. "घासणं हाच माझा धंदा आहे."

"गॅरेज आहे का तुमचं?"

"नाही. मी कवळ्या करतो."

तो दुसऱ्या दिवशी भिंतीवरून न येता फाटकातून आला. नाव इख्वान. सरकारी दातांच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या जागी उत्तरेकडच्या कांगारहून आलेला. एका हातात पॉलिश पेपरचे तुकडे, दुसऱ्या हातात पानात बांधलेला नासी लमाक, नारळाच्या दुधात शिजवलेला भात.

"पाकचिक, दंड भरायला आलो," तो अबाहना म्हणाला. इथे काकांना पाकचिक म्हणतात, काकूंना माकचिक.

"दंड बोक्याला," अबाह म्हणाले. "तू बस." आणि पुडी मात्र घेतली.

पाणी लावून कसं घासायचं ते त्याने तिला दाखवलं. जोर लावायचा नाही, कागद गोल फिरवायचा नाही, घाई करायची नाही. मग त्याने चौकट पुसली आणि म्हणाला, "आता डोळे मिटा."

"कशाला?"

"कवळी तपासताना आम्ही तसंच करतो. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लागतं. फिरवा बोट. काही लागतंय?"

तिने बोट फिरवलं. प्लास्टिक गार होतं, ओलसर, गुळगुळीत.

"लागतंय."

"काय?"

"तुमचं बोट."

त्याने हात इतका झटकन मागे घेतला की बादली कलंडली. अबाह वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्या दिवशी प्रायमर झाला. रंग मारायचा दिवस ठरवताना प्रश्न पावसाचा होता. या गावात पाऊस येणार का असं कोणी विचारत नाही. किती वाजता, एवढंच विचारतात. हवेत ओल असताना रंग मारला की त्यावर दुधावर धरते तशी पांढुरकी साय येते, काळ्याचं करडं होतं. इख्वानला इथल्या आभाळाचं काही कळत नव्हतं. त्याच्या कांगारला पाऊस बोलावून आणावा लागतो.

"पैज लावू या," तो म्हणाला. "मी म्हणतो, चारनंतर."

"पैज हराम आहे," हनानी म्हणाली.

"हरलेल्याने चहा पाजायचा."

"मग तो पाहुणचार झाला."

पहिल्या वेळी ती खरंच चुकली. वेळ आहे, मारा म्हणाली, आणि शेवटच्या हातमुठीवर रंगाच्या फवाऱ्याचा डबा फिरवता फिरवता पत्र्यावर टपटप सुरू झालं. दोघं बादल्या ओढत आत धावले. दारात दोघांचे खांदे अडकले, कोणी आधी जायचं ते ठरेना. तिच्या डोक्यावरच्या रुमालाच्या काठावर पाण्याचे थेंब होते, आणि तो त्या थेंबांकडे बघतोय हे तिला न बघता कळलं. सगळ्या भागांवर साय धरली होती.

"परत घासावं लागणार," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. आणि आपल्याला वाईट वाटत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या वेळी ती चुकली नाही.

लहानपणापासून ती या पोर्चमधून टेकडी बघत आली होती. टेकडीचा माथा ढगात गेला आणि वारा पडला की अर्धा तास. तसंच झालं होतं. माथा दिसत नव्हता, केळीचं पान हलत नव्हतं. इख्वानने डबा हलवला, आतली गोळी खडखडली, आणि त्याने विचारलं, "मारू का? तुम्ही सांगाल तसं."

"मारा की," हनानी म्हणाली. "भरपूर वेळ आहे."

असं आणखी एकदा झालं. मग आणखी एकदा. तोवर ती दोघं तुम्हीवरून तूवर आली होती. चहा आलटून पालटून कोणीही पाजत होतं, पैजेचा हिशेब राहिला नव्हता. इख्वान दवाखान्यातले किस्से सांगायचा. एका म्हाताऱ्याला कवळी बसवली तर तो म्हणाला, फार छान बसली, आता बायकोशी भांडता येईल. हनानी घासता घासता हसायची. मात्र रंग बिघडला की इख्वान गप्प व्हायचा. साय आलेली चौकट उचलून उजेडात धरायचा, मग आपल्याच हाताकडे बघायचा. ते बघूनही ती खरं बोलत नव्हती. बोलली तर काम संपलं असतं, आणि काम संपलं की त्याला फाटकातून आत यायला कारण काय?

"रजेवरच्या बाई पुढल्या महिन्यात येतायत," एका संध्याकाळी तो म्हणाला. "साहेब म्हणतात, इथे एक कायमची जागा निघालीय. हवी असेल तर सांग, नाहीतर कांगारला परत जा. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"मग... काय कळवणार?"

"बघतो," तो म्हणाला, आणि कागद पाण्यात बुडवला.

'राहा' म्हणायला तिची जीभ उचलेना. राहा म्हणायचं तर कुणासाठी ते सांगावं लागलं असतं. आणि ते सांगितलं, पुढचं सगळं जुळलं, आणि पुढेमागे त्याची बदली झाली तर? त्याच्यामागे जायचं तर अबाह या घरात एकटे. गाडीत बसताना ते अजूनही डावीकडचं दार आधी उघडतात, कोणी बसायचं असल्यासारखं. अशा माणसाला सोडून कुठे जायचं?

शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर अबाहनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "तुझी आई शिवणकाम करायची तेव्हाची गोष्ट. मी एक शर्ट शिवायला टाकला. महिना लागला."

"एवढा?"

"दर आठवड्याला बोलवायची. बाही बघायची आहे, कॉलर बघायची आहे. चांगली शिवायची ती. शर्टाला महिना लागत नाही." ते पाणी प्यायले. "परवा टेकडी दिसत नव्हती, हनानी. मलाही दिसत नव्हती, तुलाही नव्हती."

ती ताटं गोळा करू लागली.

"मी काही म्हणत नाही," अबाह म्हणाले. "फक्त त्या पोराला वाटतंय की त्याचा हात बिघडलाय. तेवढं बरं नाही."

रविवारी सकाळी लवकर फाटक वाजलं. इख्वानच्या हातात मोठी वेताची टोपली होती आणि तो तिच्याकडे न बघता बादल्यांवरचे भाग एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळू लागला.

"हे काय चाललंय?"

"जवळच कामुंतिंगला एक रंगवाला आहे. त्याच्याशी बोललोय. संध्याकाळपर्यंत सगळं करून देतो म्हणाला."

"कशाला? आपण करतोय ना."

"आपण नाही, मी करतोय. आणि बिघडवतोय. खरं सांगू का..." त्याने एक हातमूठ कागदात गुंडाळली. "दवाखान्यातसुद्धा आता मी प्रत्येक कवळी दोनदा घासतो. भरवसाच वाटत नाही हाताचा. हे संपवू दे मला, हनानी. आजच संपवू दे."

त्याने चौकट टोपलीत ठेवली. त्याला इतकी घाई आहे... म्हणजे उद्या कांगार. पुढे होऊन तिने टोपलीची कडी धरली.

"तुझा हात चांगला आहे," ती म्हणाली.

"राहू दे. समजूत काढू नकोस."

"समजूत नाही. मी पाऊस खोटा सांगितला."

त्याच्या हातातला कागद अर्धवट गुंडाळलेलाच राहिला.

"पहिल्यांदा खरंच चुकले. नंतर नाही. मला दिसत होतं येतोय ते. मी इथेच वाढले, इख्वान, मला पाऊस कळत नाही असं होईल का? साय धरणार हे माहीत असून मी तुला मार म्हणाले. प्रत्येक वेळी. तू परत घासायला यावास म्हणून."

सगळं एका दमात बोलून झालं. आता तो रागावणार, टोपली खाली ठेवून निघून जाणार, असं वाटून तिने मान खाली घातली.

"म्हणजे..." तो हळूहळू म्हणाला, "माझा हात बिघडलेला नाही?"

"नाही."

"प्रायमर नीट होता?"

"उत्तम होता."

"अल्हम्दुलिल्लाह," तो म्हणाला आणि पोर्चच्या पायरीवर मटकन बसला. चष्मा काढून त्याने डोळे चोळले. मग बाकीचं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं असावं, कारण कानापासून मानेपर्यंत तो लाल होत गेला. "आणि दुसरं काय म्हणालीस? मी परत यावं म्हणून?"

"ऐकलंस ना."

"परत सांग."

"एकदाच मिळतं."

तो हसला. ती मात्र हसली नाही, तिला अजून धीर नव्हता. "पण तू चाललास. म्हणून तर हे संपवायची घाई."

"कुठे चाललो?"

"कांगारला."

"मी शुक्रवारीच कळवलं, राहतो म्हणून." तिचा चेहरा बघून त्याने घाईघाईने पुढे सांगितलं, "तुला सांगणार होतो, पण आधी हे पुरं व्हायला हवं होतं. माझ्या बोक्याने तुमची गाडी खराब केली, मी ती आणखी खराब केली. हातमुठी नाहीत म्हणून पाकचिक दोरी ओढून दार लावतात. अशा घरात मी आईला मागणी घालायला कसं पाठवू? ती विचारेल, मुलाने आजवर या घराचं काय केलं? आधी गाडी नीट करून द्यावी, मग पाहुणा म्हणून यावं... असं ठरवलं होतं. तर ते कामच संपेना."

हनानी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. इतके दिवस ती ज्या शेवटाला भीत होती, त्याच शेवटाकडे हा धापा टाकत धावत होता.

"वेडा आहेस," ती म्हणाली.

"आणि तू खोटारडी."

"पण अबाह..." ती म्हणाली. "इख्वान, आज इथे आहेस. उद्या बदली होईल. मी अबाहना एकटं..."

"मी एकटा आहेच," मागून आवाज आला.

अबाह दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. ते खाली उतरले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले.

"तू शेजारच्या खोलीत झोपतेस तेव्हाही आहे," ते म्हणाले. "ते तुझ्याने भरून यायचं नाही, बाळ. भरून यावं असं मलाही वाटत नाही. पण माझ्यापायी तू इथे अडकून पडलीस, हे मी रोज बघतो, आणि ते मला जड जातं. चहा मला करता येतो. कपडे धुता येतात. नमाजाला चार माणसं भेटतात." मग इख्वानकडे वळून त्यांनी विचारलं, "सध्या तरी घर कुठे घेणार आहेस?"

"घर... आहे तेच, पाकचिक. भिंतीपलीकडचं. मालक कायमचं भाड्याने द्यायला तयार आहे."

अबाहनी भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"इतके दिवस ही पोरगी मला सोडून जावं लागेल म्हणून रडते," ते म्हणाले. "आणि जायचं ते इतक्या लांब?"

हनानी हसायला लागली. हसता हसता रडली, आणि काळ्या हातांनी डोळे पुसल्यामुळे तोंडभर काळं झालं. इख्वानने खिशातून रुमाल काढला, पण तो देऊ की स्वतः पुसू हे त्याला ठरवता येईना. अबाह अचानक उठून वर्तमानपत्र शोधायला आत गेले. वर्तमानपत्र त्यांच्या काखेतच होतं.

मग इख्वानने रुमाल पुढे केला... आणि स्वतःच पुसलं. हळू, जोर न लावता.

दुपारी त्याने कांगारला फोन लावला. पलीकडून त्याच्या आईचा खणखणीत आवाज हनानीलाही ऐकू येत होता. मुलगी कोण, कुणाची, काय करते, आणि मुख्य म्हणजे, तिला तू आवडतोस का? नीट विचारलंस का? मागच्या वेळेसारखं तुझं तूच ठरवून बसला नाहीस ना?

"मागच्या वेळेसारखं?" हनानीने भुवया उंचावल्या.

"सहावीत होतो," तो फोनवर हात ठेवून कुजबुजला. मग हात काढून म्हणाला, "विचारलं, आई."

"मग काय म्हणाली?"

त्याने हनानीकडे बघितलं. तिने फोन त्याच्या हातातून घेतला, सलाम केला, आणि म्हणाली,

"हो म्हणाली, माकचिक. तुम्ही कधी येताय?"