कुंपणावर वाळत घातलेली दोरी

जूनच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास, एल्बर्न नदीच्या जुन्या बंधाऱ्यापाशी लॉरेन्स थॉर्नी यांचे प्रेत सापडले. नदीचा तो भाग त्यांच्याच मालकीचा, आणि मासेमारीवरचे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध होते.

सार्जंट सायलस टर्विल सायकलवरून पोहोचला तेव्हा प्रेत गवतावर ओढून ठेवलेले होते. कंबरेवरपर्यंतच्या रबरी बुटांत पाणी गच्च भरले होते. शेजारी जेम पिजली छातीपर्यंत भिजून थरथरत बसला होता. जेम हा नदीचा दुय्यम राखणदार. तीस वर्षांचा, घरी बायको आणि तान्ही मुलगी. प्रेत त्यालाच दिसले होते आणि त्यानेच ते बाहेर काढले होते.

नदी नेहमीसारखीच निर्मळ वाहत होती. तळाचा पांढरा खडूचा दगड आणि त्यावर डुलणारे पाणगवत स्पष्ट दिसत होते. मे-माशीचे दिवस होते. वर्षभर चिखलात काढून एका दिवसाचे आयुष्य जगायला वर येणारे ते नाजूक जीव हवेत तरंगत होते, आणि ट्राउट मासे त्यांच्यासाठी पाण्याला वर्तुळे पाडत होते.

सार्जंटची नजर मात्र कुंपणावर खिळली होती.

थॉर्नींची मासेमारीची काठी विलोच्या बुंध्याला नीट टेकवून ठेवलेली होती. तिची रेशमी दोरी चाकावरून पूर्ण सोडून, कुंपणाच्या सात खांबांना वळसे घेत, उन्हात वाळत घातलेली होती. ओली रेशमी दोरी चाकावर राहिली तर कुजते. म्हणून मासेमारी संपली की ती अशी पसरायची, ही नदीकाठची जुनी शिस्त. सार्जंटने सवयीने दोन बोटांत धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. कुठेही ओल नव्हती. टोकाला गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी नव्हती. ती कात्रीने सफाईदारपणे कापून घेतलेली होती.

त्याने घड्याळ पाहिले. दोन वाजून बारा मिनिटे झाली होती.

तीन वाजता विंचेस्टरहून इन्स्पेक्टर क्रॉम्बी आला. त्याने जेमला गिरणीच्या खोलीत बसवले.

"काल थॉर्नींनी तुला कामावरून काढलं?"

"हो साहेब. वरच्या पात्रात तीन मासे मेले, त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं."

"मग संध्याकाळी गुत्त्यात काय बोललास?"

जेमने मान खाली घातली. "म्हटलं, असल्या माणसाला नदीनंच गिळावं."

"नदी फारच आज्ञाधारक दिसते तुमची. आज दुपारी कुठे होतास?"

"हप्ता पुरा करायचा होता, म्हणून दीडपर्यंत गिरणीखाली पाणगवत कापत होतो. तिघं जण होते सोबत."

"आणि दीड ते दोन?"

"एकटाच. काठाकाठानं घरी निघालो होतो."

"अर्धा तास. तेवढा पुरेसा आहे."

डॉक्टरांनी सांगितले की, एल्बर्नचे पाणी इतके गार असते की मृत्यूची वेळ दोन-तीन तासांच्या फरकाशिवाय सांगता येणार नाही. क्रॉम्बीला तेवढे बस होते. जेमला सकाळी विंचेस्टरच्या तुरुंगात न्यायचे ठरले. तिथून पुढची वाट फाशीकडे जाते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"साहेब, ती दोरी," सार्जंट म्हणाला.

"थॉर्नीची मासेमारी संपली, त्यानं दोरी वाळत घातली, मग हा आला आणि ढकललं. त्यात काय?"

"थॉर्नीसाहेबांनी जन्मात कधी स्वतःची दोरी वाळत घातली नाही. सगळं गाव त्यावर हसतं."

"मग मेल्यावर घातली असेल!" क्रॉम्बी हसला. "टर्विल, तुम्हा लोकांना मासे सोडून दुसरं काही सुचतं का?"

सार्जंट हसला नाही. त्या चेष्टेचे शब्द त्याच्या मनात काट्यासारखे रुतून राहिले.

नदीचा मुख्य राखणदार इनॉक व्हिटियर हा सार्जंटचा शाळेपासूनचा सोबती. तीस वर्षे दर रविवारी दोघे एकाच बाकावर बसून भाकरी आणि चीज खात आले होते. इनॉकने दुपारी सांगितले होते की तो सकाळपासून वर, नदीचे पाणी अडवणाऱ्या झडपांपाशी होता. दोरीविषयी त्याला विचारावे, म्हणून सार्जंट पाच वाजता त्याच्या घरी गेला. इनॉक घरी नव्हता. त्याची मुलगी हेटी खिडकीपाशी बसली होती.

बारीक पिसे आणि रेशीम गळाभोवती गुंडाळून माशा बांधणे हे हेटीचे काम. पंधराव्या वर्षापासून वीस वर्षे तिने ते केले, आणि त्यातच तिचे डोळे गेले. आता तिला उजेड आणि सावली एवढेच कळत असे.

"सायलसकाका ना? बुटांवरून ओळखलं. डाव्याची टाच अजून घासतच चालता."

"बाबा कुठे गं?"

"दुपारपासून नाहीत. आणि नवल म्हणजे टोपी न घालता गेलेत. आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी टोपी सोडली नव्हती."

टोपी खुंटीवर होती. तिच्याभोवती मेंढीच्या लोकरीची पट्टी, आणि पट्टीत वाळण्यासाठी टोचलेल्या पाच-सहा माशा.

"हेटी, थॉर्नीसाहेब आज कुठली माशी वापरत होते, ठाऊक आहे?"

"माझी 'राखी'. राखेच्या रंगाची." तिचा चेहरा उजळला. "सोमवारी बांधून दिली. यंदाची ती एकच. निव्वळ बोटांनी बांधली, तीन दिवस लागले. मग म्हटलं, आता पुरे. ही शेवटची."

"तीच आहे, हे कसं ओळखशील?"

"शेपटीखाली आईच्या शिवणाच्या रेशमाचा एक वेढा असतो. नखाला लागतो. तो मी कुणाला सांगितलेला नाही. थॉर्नीसाहेबांच्या पुस्तकातसुद्धा नाही."

टेबलावर ते पुस्तक होते, आणि त्याखाली तिच्या माशा विकत घेणाऱ्या लंडनच्या दुकानाचे एक पत्र.

"हे पत्र कधी आलं?"

"आज सकाळी. बाबांनी वाचून दाखवलं. मागणी कमी आहे, तेव्हा शरद ऋतूपर्यंत थांबा, असं आहे. तुम्ही परत वाचा ना. बाबा मधेच अडखळले होते."

सार्जंटने पत्र उघडले. त्यात लिहिले होते: *'राखी' ही माशी श्री. लॉरेन्स थॉर्नी यांची निर्मिती असल्याचे त्यांच्या ग्रंथावरून आणि पत्रावरून स्पष्ट होते. त्यांच्या रचनेची नक्कल आपण आपली म्हणून इतकी वर्षे विकत आलात, हे खेदजनक आहे. यापुढे आपल्याकडून काहीही घेतले जाणार नाही.*

"मागणी कमी आहे," सार्जंट अडखळत म्हणाला. "शरद ऋतूपर्यंत थांबा."

हेटीने पत्र परत मागून पुस्तकाखाली सरकवले.

तो खुंटीपाशी गेला. लोकरीच्या पट्टीतली एक राखाडी माशी त्याने अलगद सोडवली. आपण काय करणार आहोत ते त्याला कळत होते, आणि जेमची तान्ही मुलगीही त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याने ती माशी हेटीच्या तळव्यावर ठेवली.

"ही कुणाची, पोरी?"

तिचे बोट पंखांवरून फिरले, शेपटीपाशी आले आणि थांबले. बराच वेळ थांबले.

"माझी," ती म्हणाली. "सोमवारची."

दिवस कलताना इनॉक लाकडी साकवावर सापडला. त्याच्या उघड्या पांढऱ्या डोक्यावर मे-माशा बसत होत्या. आयुष्य पुरे करून त्या पंख पसरून पाण्यावर पडत होत्या.

"बस, सायलस."

सार्जंट बसला. पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये भाकरीचे फडके नव्हते.

"जेमला सकाळी नेणार आहेत," सार्जंट म्हणाला. "तो निर्दोष आहे. सांगू कसा?"

"सांग."

"मला सव्वादोनला दोरी पूर्ण कोरडी लागली. भिजलेलं रेशीम कडक उन्हातही दोन तासांच्या आत वाळत नाही. हे तूच मला शिकवलंस. म्हणजे ती सव्वाबाराच्या आधी कुंपणावर गेली. त्या वेळी जेम तिघांसमोर पाणगवत कापत होता."

"थॉर्नीनं घातली असेल."

"त्यानं कधी घातली होती? शिवाय दोरी वाळत घालून, काठी टेकवून ठेवून, माणूस मोठे बूट चढवून पुन्हा पाण्यात कशाला उतरेल? तो बुडाला, इनॉक. मग कुणीतरी काठी बाहेर काढली, माशी कापली, दोरी पसरली. चोराला तसं सुचत नाही. वैऱ्याला सुचत नाही. वीस वर्षं रोज संध्याकाळी त्याच्यामागे तेच काम केलेल्या हातांनाच ते सुचतं, आणि डोक्याला न विचारता ते हात ते करून मोकळे होतात."

इनॉक आपल्या हातांकडे पाहू लागला.

"आणि कापलेली माशी जिथे रोज जाते तिथेच गेली. तुझ्या टोपीवर. हेटीनं ओळखली."

"तिला विचारलंस?" इनॉकचा आवाज चिरकला. "तिला?"

"विचारलं. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. लंडनचं पत्रही वाचलं."

पाण्यावर एक मासा उसळला. दोघांनीही सवयीने तिकडे पाहिले.

"सात वर्षांचा होता तो, तेव्हा मी त्याच्या हातात पहिली काठी दिली," इनॉक म्हणाला. "पत्र दाखवलं त्याला. म्हटलं, लॉरेन्सबाबा, एवढं एक लिहा, की माशी हेटीची आहे. तिचे डोळे गेले हो त्यात. तर हसला. म्हणाला, राखणदाराच्या पोरीचं नाव घातलं तर पुस्तक कोण विकत घेईल? आणि हसत हसतच मागे सरला, शेवाळलेल्या दगडावर."

"तू ढकललंस?"

"नाही. पाय घसरला, बूट पाण्यानं भरले. खालच्या डोहात ओढला गेला. माझ्या हातात जाळी होती, आठ फुटी दांड्याची. तो सात फुटांवर होता." इनॉकने हात पाण्याकडे लांब करून अंतर दाखवले. "मला हाक मारली, सायलस. लहानपणी मारायचा तशी. 'इनू' म्हणाला. मी जाळी उचलली नाही. एवढंच. उभा राहिलो."

"मग?"

"मग आठवत नाही. भानावर आलो तर दोरीचा सातवा वळसा घालत होतो."

"आणि जेम?"

"सकाळी येणार होतो मी. घर नोकरीबरोबरचं आहे, हेटीला कुठे ठेवायचं एवढंच बघत होतो. सकाळी आलोच असतो."

तो आला असता की नाही, हे सार्जंटला कधीच कळले नाही. इनॉकलाही कळले असेल असे नाही.

"कायदा याला काय नाव देतो ते विंचेस्टरला ठरेल," सार्जंट म्हणाला. "चल."

साकव उतरताना इनॉकने पुढे पडलेला ओल्या दोरीचा एक तुकडा उचलला, झटकला आणि कठड्यावर वाळत घातला. मग स्वतःच्या हाताकडे पाहून तो मुलासारखा रडला.

शुक्रवारी सकाळी जेम घरी गेला. सार्जंट हेटीकडे आला. ती खिडकीपाशीच होती. इनॉकची टोपी तिच्या मांडीवर होती. सार्जंट तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"काल ती माशी बाबांच्या टोपीवर होती," तीच म्हणाली. "गळाला लोकरीचा धागा अडकला होता, काका. थॉर्नीसाहेबांजवळ लोकर नसते."

"मग तुला ठाऊक होतं? आणि तरीही माझी म्हणालीस?"

"माझीच होती ना."

तिने पुस्तकाखालून पत्र चाचपून काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"बाबाही त्याच ओळीवर अडखळले होते, आणि तुम्हीही तिथेच. आता खरं वाचा."

सार्जंटने पत्र उजेडाकडे धरले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काहीही न गाळता, ते वाचून दाखवले.