उजवा खांदा, अर्धा इंच खाली

कोट शिवणाऱ्या त्या बाईंना सगळी पेठ ‘मास्तर’ म्हणायची. बाई असून मास्तर, याचा त्यांना कोण अभिमान! गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत त्यांच्या नजरेने छाती, कंबर, बाही मोजून झालेली असे. टेप लावायचा तो निव्वळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

आणि याच मास्तरांनी आठ महिन्यांत कोटाच्या कापडाला कात्री लावली नव्हती. एक कोट बेतताना बिघडला, एवढंच निमित्त. तेव्हापासून कात्री उचलली की आतून आवाज यायचा, ‘बिघडवशील.’ हात कापडावरच अडायचा. मग बटणं लावा, पँटची लांबी कमी करा. ‘कोट स्पेशालिस्ट’ ही दारावरची पाटी त्यांना रोज वाकुल्या दाखवायची.

शेवटी लेकीने हट्टाने लॅपटॉपवरचं समुपदेशन सुरू करून दिलं. दर मंगळवारी दुपारी चारला, दुकानामागच्या खोलीत.

“त्या पडद्यावरच्या बाईला मी काय सांगू? तिला बटणाचं साधं काज तरी करता येतं का?”

“आई, तू तिच्याकडे काजं शिकायला जात नाहीयेस.”

समुपदेशक बाई वयाने लहान, बोलायला शांत. चौथ्या मंगळवारी म्हणाल्या, “मास्तर, एक रिकामी खुर्ची शेजारी घ्या. तो आवाज तिथे बसलाय असं समजा आणि त्याच्याशी बोला.”

मास्तरांनी वेताची खुर्ची ओढली. “बस गं बाई. उभ्याने टोमणे मारून पाय दुखले असतील.”

समुपदेशक बाई हसल्या. मग ते हसू हळूहळू ओसरलं.

“मी रिकामी खुर्ची म्हटलं होतं. या कोण?”

मास्तरांनी वळून पाहिलं. खुर्चीत कुणी नव्हतं. फक्त बैठकीचा वेत मधोमध खाली गेला होता.

“नेट अडकत असेल,” मास्तर म्हणाल्या.

“असेल.”

पुढच्या मंगळवारी समुपदेशक बाईंनी चष्मा पुसला, परत घातला. “चेहरा नीट दिसत नाही. पण बसल्यात खऱ्या. आज आपण थांबू या का?”

खोलीत इस्त्रीच्या वाफेचा वास होता, आणि शेजारून कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. तीस वर्षांची सवय कामी आली.

“उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे का हो? अर्धा इंच?”

समुपदेशक बाई पडद्याजवळ वाकल्या.

“हो.”

तीस वर्षं जड कात्री चालवून मास्तरांचा खांदा तसा झाला होता. अख्ख्या गावाचे कोट शिवले. या खांद्याला कधी कोट चढला नव्हता.

त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि खुर्चीवरच्या हवेभोवती फिरवला. खरं तर तो लोंबायला हवा होता.

तो ताठ राहिला. छत्तीस.

मग किंचित सैलावला. पुन्हा ताणला.

“मास्तर, काय करताय तुम्ही?”

“माप घेतेय.”

त्याच संध्याकाळी त्यांनी ठेवणीतलं गडद निळं कापड पसरलं. खडूने खुणा केल्या. कात्री उचलली.

आवाज आला नाही. कात्री सरसर चालली.

रविवारी कोट तयार झाला. अस्तर रेशमी, काजं हातची. त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर घातला.

मंगळवारी कोट नव्हता. पडद्यावरही खुर्ची रिकामी दिसत होती. समुपदेशक बाईंनी सुस्कारा सोडला. “आणि आवाज?”

“गेली ती. माझा कोट घालून गेली,” मास्तर मान ताठ करून म्हणाल्या.

त्यानंतर वर्षभर दुकानाला उसंत नव्हती. पाटी लेकीने नव्याने रंगवली.

मग एका सकाळी निळा कोट खुर्चीच्या पाठीवर परत आलेला होता.

मास्तरांनी तो उजेडात धरला. कोपरं झिजून विरलेली, कॉलर चकाकणारी, जणू वीस वर्षं रोज अंगावर होता. काखेत घामाचे डाग. त्यांनी शिवणी तपासल्या, एकेक करून. एक टाका उसवला नव्हता. त्यांची छाती फुलली.

फक्त कमरेशी खडूची बारीक रेघ होती, त्यांच्याच हातच्या वळणाची. दोन इंच वाढवायचं.

तिने बाळसं धरलेलं दिसत होतं.

मास्तरांनी सुई ओवली. “बस,” त्या न वळताच म्हणाल्या. “दहा मिनिटांचं काम आहे.”

मागे खुर्चीचा वेत करकरला.