निशीच्या शेजारची चौकट

प्रयोगशाळेच्या भिंतीवर धुपकरांच्या सासूबाई परातीएवढ्या झाल्या होत्या आणि संथ श्वास घेत होत्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिवंतपणी आपण त्यांच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, निदान चाचणीच्या निमित्ताने पाहावं, म्हणून धुपकरांनी त्यांचंच छायाचित्र निवडलं होतं.

नाशिकमध्ये एव्हाना घरोघरी ‘आप्तभिंत’ पोचली होती. तिच्यावर घरातल्या हयात आणि दिवंगत माणसांची तळहाताएवढी चित्रं ओळीने असत. एखाद्या चित्राकडे नजर लावली, की भिंतीतला दृष्टिवेधक पाहणाऱ्याची बुबुळं टिपे. मग ते चित्र सावकाश फुगे, डोळ्यांची उघडझाप करी आणि नजर हटली की पुन्हा तळहाताएवढं होई. धुपकरांनी या प्रकाराला ‘दृक्स्फीती’ हे नाव दिलं होतं. विक्रेत्यांची जीभ त्यावर अडखळे, म्हणून ते ‘फुगवटा’ म्हणत आणि भरपूर भिंती विकत.

त्यांची सहकारी डॉ. मंजिरी कडलग सासूबाईंकडे पाहत नव्हती. घरची भिंत बिघडली आहे, असं तिचं म्हणणं होतं. तिचा धाकटा भाऊ निशिकांत जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचं चित्र हल्ली कुणी पाहत नसतानाही फुगलेलं असे. आई भिंतीकडे पाठ करून बसलेली, खोलीत दुसरं कुणी नाही, आणि वर निशी श्वास घेतोय. काल तर मंजिरी दारातूनच मागे फिरली होती.

“आणि माझं चित्र,” ती म्हणाली, “भिंत घरी आल्यापासून एकदाही फुगलेलं मी पाहिलं नाही.”

“तुझी चौकट कुठे आहे?”

“निशीच्या शेजारी. उजवीकडे.”

धुपकरांनी चष्मा पुसला. भिंतीच्या पहिल्या आवृत्तीत एक चित्र मोठं झालं की बाकीची सरकत. नवरा आईकडे प्रेमाने बघायचा आणि बायको घरंगळत पार चपलांच्या कपाटामागे जायची. दोन घटस्फोटांपर्यंत प्रकरण गेलं, तेव्हा मंजिरीनेच त्यावर तोड काढली होती. चित्राची जागा निराळी आणि त्याचं रूप निराळं. रूप हवं तेवढं वाढू दे, हिशेबात जागा तळहाताएवढीच धरायची. म्हणजे शेजारचा जागचा हलत नाही.

“हलत नाही, पण झाकला जातो,” धुपकर म्हणाले. “फुगलेलं चित्र शेजाऱ्याच्या अंगावर पसरतं. आणि वेधकाच्या लेखी ते सगळं त्याचंच अंग. आईने तुझ्या चौकटीकडे पाहिलं, तरी नजर पडते निशीच्या खांद्यावर. निशी मोठाच राहतो. तू खालीच.”

“म्हणजे आई माझ्याकडे बघत असेलही.”

“असेलही,” धुपकर म्हणाले, आणि ते पुन्हा सासूबाईंकडे वळले.

मंजिरी त्या एका शब्दावर तरंगत घरी आली. आई, इंदुमतीबाई, भिंतीकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या. वर निशी मोठा होता. मंजिरी दबकत आत गेली आणि आईच्या मागे उभी राहिली. आईसमोर तांदळाचा स्टीलचा डबा होता, घासून आरशासारखा केलेला. त्यात आईचे डोळे दिसत होते आणि त्यांच्या वर, किंचित वाकडा झालेला, निशी. बोटं खडे वेचत होती. डोळे डब्यात होते. वेधकाला ते डोळे डब्यातूनच सापडत होते. भिंत अगदी उत्तम चालली होती.

“पाठीमागे काय उभी राहतेस भुतासारखी?” आई न वळता म्हणाली. “चहा टाक.”

दुसऱ्या दिवशी मंजिरीने हे सांगितलं, तेव्हा धुपकरांनी कागदावर भिंत काढली, आईची खुर्ची काढली आणि एक बाण काढला. आई डावीकडे बसते, म्हणून नजर आधी निशीच्या चौकटीत शिरते. जो आधी फुगेल, तो दुसऱ्याला झाकेल, एवढाच इथला कायदा. त्यात मेलेला-जिवंत असा भेद नाही.

“मग भिंतीला हात लावू नकोस,” ते म्हणाले. “खुर्ची उजवीकडे ठेव.”

रविवारी सकाळी मंजिरीने खुर्ची उजवीकडे, भिंतीकडे तोंड करून ठेवली, डबा कपाटात टाकला आणि उन्हाचं कारण सांगितलं. आईने कुरकुर केली आणि बसली. मंजिरी खुर्चीच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

आईने मान वर केली. नजर उजवीकडून निघाली आणि वाटेत मंजिरीच्या चौकटीला लागली. चित्र हललं. फुगत फुगत ते परातीएवढं झालं, शेजारच्या चौकटीवर पसरलं, आणि भिंतीवरच्या मंजिरीने पापण्या उघडून आईकडे पाहिलं.

आई बघत राहिली. कपाळावर, मग गालावर, मग डाव्या खांद्यावर. पुन्हा कपाळावर. इतका वेळ तिने मंजिरीकडे तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. जिथे जिथे तिची नजर जाई, तिथे मंजिरीच होती. त्यामुळे चित्र लहान व्हायचं नावच घेत नव्हतं.

आईने मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. खुर्चीतून अर्धवट उठून तिने टाचा उंचावल्या, कुणाच्या डोक्यावरून पलीकडचं बघावं तशा.

“मंजू,” ती चित्राला अगदी हळुवार म्हणाली, “जरा सरक ना गं बाळा. तो दिसत नाहीये.”

भिंतीला टेकून उभी असलेली मंजिरी, कुणाच्याच वाटेत नसताना, एक पाऊल बाजूला झाली. चित्रातली मात्र तिथेच थांबली आणि आईकडे बघत पापण्या मिटत, उघडत राहिली.