तेवीस कुंड्या आणि समोरचं ऊन

"अयाईगं!" खालून कुणीतरी जोरात ओरडलं आणि मी बाल्कनीतून वाकून पाहिलं.

नव्या घरात येऊन आम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते. आमची बाल्कनी उत्तरेला, तिथे उन्हाचं नाव नाही. माझे तेवीस निवडुंग उन्हावाचून कसे जगणार? म्हणून मी ते गल्लीपलीकडच्या इमारतीच्या कठड्यावर मांडून ठेवले होते. कुणाला न विचारता, अर्थातच! आणि त्याच कठड्याला हात टेकून एक माणूस बुटाची नाडी बांधायला वाकला होता.

मी चिमटा घेऊन धावत सुटले. बस ड्रायव्हरचा गणवेश, विस्कटलेले केस, आणि तळहातात काटे.

"हलू नका. तीनच आहेत."

"चार," तो म्हणाला. "सॉरी वगैरे म्हणायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

"ऊन काय तुमच्या मालकीचं आहे?"

"ऊन नाही हो. हात माझा आहे."

मला हसूच आवरेना. चौथा काटा निघेपर्यंत माझी सगळी रडकथा त्याला सांगून झाली होती. त्यानं वर बोट दाखवलं. पहिल्या मजल्यावर, आमच्या अगदी समोर, त्याची बाल्कनी होती. रिकामी, आणि ऊनच ऊन!

"ठेवा तिथे. पहाटेच्या फेऱ्या संपवून मी साडेनऊला घरी येतो. तेव्हा येत जा पाणी घालायला."

जुन्या घरी मी सकाळी सहाला, डोळे चोळत, गाऊनवरच कुंड्यांपाशी बसायची. आता साडेनऊ! चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते, ते उघडतं अकराला, म्हणजे वेळेची काही अडचण नव्हती. मी रोज जायला लागले. केस धुऊन, विंचरून, हातात झारी घेऊन.

"मातीत हात घालायला इस्त्रीचा कुडता लागतो होय गं?" आईनं एकदा विचारलंच.

"नवी वस्ती आहे, आई. चार लोक बघतात."

"चार कुठले! एकच तर बघतो."

तो चहाचे दोन कप घेऊन यायचा, प्रवाशांच्या नकला करायचा, आणि मी एकेक कुंडी उन्हाकडे वळवत बसायची. मध्येच त्याची नजर माझ्यावर थांबायची... मग कुठली कुंडी वळवली नि कुठली राहिली, कसलं लक्षात राहतंय!

"अजून रोज यावं लागतं?" तो विचारायचा.

"मग! नव्या जागेत रुळायला नकोत का ते?"

दोन महिने झाले तरी ते बिचारे रुळतच होते.

आणि मग घरमालकीणबाई आल्या. आमच्याच इमारतीत मागच्या बाजूचा फ्लॅट रिकामा झाला होता. दिवसभर ऊन, हवा असेल तर घ्या म्हणाल्या. आई खूश झाली. मी मात्र ताटातला भात नुसता चिवडत बसले. मागच्या बाजूने त्याची बाल्कनी दिसतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि खोकं आणून कुंड्या भरायला लागला.

बरं झालं? माझं डोकंच फिरलं. "एवढंच? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यानं हातातली कुंडी खाली ठेवली. "एक विचारू? निवडुंगाला पाणी पंधरा दिवसांतून एकदाच लागतं ना?"

माझे कान तापले. "कुणी... कुणी सांगितलं?"

"रोपवाटिकेत विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात. आणि तुमची झारी रिकामी असते, तेही दिसतं मला."

"आणि दोन महिने गप्प बसलात?"

"बोललो असतो तर तुम्ही पंधरा दिवसांनी आला असतात." त्यानं हाताची माती झटकली. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. साडेनऊला घरी असावं म्हणून दिवसभराची पाळी दोनदा नाकारलीय मी. आता तुम्ही बोला."

एरवी माझी टकळी बंद होत नाही. आणि आता तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

"अगं, हो म्हण की लवकर!" समोरच्या बाल्कनीतून आईचा आवाज आला. "दूध ठेवलंय मी गॅसवर! आणि मालकीणबाईंना फ्लॅट नको म्हणून कळवायचंय!"

"हो!" मी एवढ्या जोरात ओरडले, की खालून जाणारा सायकलवाला ब्रेक लावून वर बघायला लागला.