लेनिनग्राड अनलिमिटेड

ही ऐकीव गोष्ट नाही.

यातला चामड्याचा पट्टा मी माझ्या हातानं कुकरमधून बाहेर काढला आहे. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी ठेवू नये, पण मला शहाणपण शिकवायलाही येऊ नये.

आणि अमावस्या, मध्यरात्र वगैरेची वाट पाहत असाल तर तेही नाही. हे घडलं भर दुपारी. गेल्या वर्षीचा मे महिना, छत्तीसगडची नवी राजधानी, नवा रायपूर. तिथले रस्ते एवढे रुंद आणि रिकामे, की उन्हात कितीही वेळ उभं राहा, एखादी सरकारी गाडी दिसली तर दिसली.

मी पद्मिनी. जुन्या रायपुरातल्या बुढापारा भागात आईबरोबर राहते, शाळेत इतिहास शिकवते. बाबा रेल्वेत होते. वर्ध्याहून बदली होऊन आले आणि आम्ही इथलेच झालो. शेखर माझा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून दुसऱ्या महायुद्धाचं वेड. बाकीचे पोट्टे क्रिकेटवाल्यांचे फोटो चिकटवायचे, हा रणगाड्यांचे. मोठा झाल्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सोनियानं, नव्या रायपुरात हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘मोर्चा’, हिंदीतला, म्हणजे युद्धाची आघाडी.

आत शिरलं की भिंतभर नकाशे. खाकी कागदावर छापलेले, लाल-निळे बाण मारलेले, जुनाट दिसावेत म्हणून मैद्याच्या खळीनं चिकटवलेले. खुंट्यांवर हेल्मेट, बूट, चामड्याचे पट्टे. आणि प्रत्येक टेबलाला एका लढाईचं नाव. दारातलं डंकर्क. माशांच्या टाकीजवळचं मिडवे. तंदूरची झळ लागते ते अल-अलामीन. मग स्टालिनग्राड, कोहिमा, नॉर्मंडी आणि बिलाच्या काउंटरपाशी बर्लिन. शेखर गिऱ्हाइकांना हौसेनं सांगायचा, इथे जर्मन अडले, इथून जपानी मागे वळले, इथे युद्ध फिरलं. ऐकणारे मान डोलवत मोमो खायचे.

कोहिमा नागालँडातलं, म्हणून कोहिमाच्या टेबलावर मोमो. समजलं ना?

जेवणानंतर ‘हिरोशिमा’ नावाचं आइस्क्रीम यायचं. ते टेबलावरच पेटवायचे. भडका उडाला की सगळे मोबाइल वर करायचे, टाळ्या वाजवायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि बेसिनपाशी जाऊन ओकले. सोनिया म्हणाली, दीदी, गर्मी लग गई होगी.

पण सगळ्यांत जास्त चालायचं ते कोपऱ्यातलं टेबल. एसीच्या थेट खाली, म्हणून सगळ्यांत थंड. त्यावर पाटी होती, ‘लेनिनग्राड अनलिमिटेड थाळी. पोट फुटेपर्यंत खा.’

लेनिनग्राड म्हणजे काय, ते सांगते. रशियातलं शहर. जर्मनांनी त्याला वेढा घातला आणि आतल्या लोकांना उपाशी मारायचं ठरवलं. वेढा दोन वर्षांहून जास्त चालला. पहिल्या हिवाळ्यात लोकांनी भुसा मिसळलेला पाव खाल्ला. चामड्याचे पट्टे उकळून पाणी प्यायले. भिंतीवरचे कागद खरवडून मागची खळ चाटली. लाखो माणसं भुकेनं मेली. शहर पडलं नाही, म्हणून पुस्तकात त्याचं नाव मोठ्या अक्षरांत येतं.

हे सगळं शेखरला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं ती थाळी काढली. मला त्याची किळस आली आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो हसला. म्हणाला, दीदी, थीम है.

टेबलांना नंबर नव्हते. त्यामुळे वेटर स्वयंपाकघराकडे तोंड करून नावानंच ओरडायचे. लेनिनग्राडला भात. लेनिनग्राडला अजून पोळ्या. लेनिनग्राड थांबून राहिलं, लवकर वाढा.

महिनोन् महिने, दिवसभर हेच.

कोणाकोणाला ऐकू गेलं असेल, देव जाणे...

त्या दिवशी दुपारची गर्दी ओसरली होती. शेखर आणि सोनिया सामान आणायला शहरात गेले होते. आईला घरी एकटीला करमत नाही म्हणून मी तिला सोबत आणलं होतं, ती काउंटरवर बसली होती. आत बीरगावचा आचारी तुळशीराम भांडी आवरत होता. मी दारातल्या टेबलावर पेपर तपासत होते.

आधी आवाज आला...

खर्र... खर्र...

नखानं कागद खरवडावा तसा. मला वाटलं, उंदीर. मान वर करून पाहिलं. कोपऱ्यात कोणी नव्हतं.

आवाज थांबला.

मग खुर्च्या सरकल्या... आधी एक. मग बऱ्याच.

म्हणजे आवाज आला. खुर्ची एकही हलली नव्हती.

माझ्या अंगावरून गार हवा गेली. तिला वास होता. पेटीत ओलीच घडी करून ठेवलेल्या गोधडीचा वास, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, कुजलेलं.

दार उघडलं... आपोआप.

आणि आई काउंटरवरून मान हलवून म्हणाली, ‘‘बरं, या.’’

आपल्यात निघणाऱ्याला ‘जा’ म्हणत नाहीत, ‘या’ म्हणतात. आई गिऱ्हाइकांनाही तसंच म्हणायची. हिंदी बोलणारे त्यावर गोंधळून परत आत वळायचे आणि तिला हसू यायचं.

मी विचारलं, कोणाला म्हणालीस?

‘‘ते कोपऱ्यातले. गोधड्या पांघरून बसले होते ना. किती वाळलेले, बाई. त्यायले कोणी काही वाढलंच नाई. तसेच उठले.’’

आईला मोतीबिंदू आहे. मी मनाची तीच समजूत घातली.

मग उठून कोपऱ्यात गेले. नकाशाचा खालचा भाग भिंतीवरून गेला होता. फाटला नव्हता. खरवडला होता, बारीक बारीक. मागची भिंत ओली होती. मी बोट लावलं. चिकट, कोमट...

ती थुंकी होती.

मी साडीला बोट पुसत होते तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. बाहेर रस्ता रिकामा, ऊन रणरणत होतं. आत मात्र तोच गार वास आला, मघापेक्षा दाट. माझ्या दोन्ही बाजूंनी गेला आणि कोपऱ्यात जाऊन थांबला.

आई ‘या’ म्हणाली होती. ते परत आले होते.

आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली...

तुळशीराम धावत बाहेर आला. गॅस त्यानं कधीच बंद केला होता, कुकर त्यानं लावलाच नव्हता. तो कुकरजवळ जाईना म्हणून झाकण मी उघडलं. करड्या पाण्यावर जाड साय. त्यात भिंतीवरचा चामड्याचा पट्टा, शिजून फुगलेला. मी तो चिमट्यानं उचलला तर मधूनच तुटला आणि हातावर पडला. एका टोकाला दातांच्या खुणा होत्या. तो वास मी किती दिवस साबणानं धुतला, सांगून उपयोग नाही.

शेखरला सांगितलं तर तो म्हणाला, स्टाफ में कोई बदमाशी कर रहा है. मग त्यानं थाळी मागवली आणि त्याच टेबलावर बसून जेवला.

एक थाळी. मग दुसरी. मग तिसरी.

त्या संध्याकाळपासून त्याची भूक थांबेना. तो खात राहिला आणि वाळत गेला. जून लागेपर्यंत त्याचे गाल आत गेले, पँट कमरेवर राहीना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ताटावरून उठला की पुन्हा पोटावर हात दाबून बसायचा. डॉक्टर म्हणाले, तपासण्या नॉर्मल आहेत, पण वजन असंच उतरत राहिलं तर हृदय साथ देणार नाही. हॉटेल बंद ठेवावं लागलं. सोनिया माझ्यासमोर रडली. मला भावाचा राग होताच, पण तो डोळ्यांदेखत मरत होता आणि मला काही सुचत नव्हतं.

एका दुपारी सोनियाचा फोन आला, तो घरात दिसेना. आई आणि मी ऑटो करून थेट नव्या रायपूरला गेलो. हॉटेलचं शटर अर्धं वर होतं.

आतून आवाज येत होता...

खर्र... खर्र...

शेखर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. नखं उलटली होती. तो भिंत चाटत होता. ओठांना कागदाचे तुकडे आणि हनुवटीवर नकाशातला एक लाल बाण चिकटलेला. माझा सख्खा भाऊ, पण मला अशी शिसारी आली की त्याला हात लावणं होईना.

आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी... भिंतीवरचा कागद आपोआप उतरत होता. इकडे एक पट्टी. तिकडे एक. खाली, लहान मुलाच्या उंचीवरही.

मी ओरडले, जा म्हणून. चालते व्हा म्हणून. जे तोंडात आलं ते बोलले.

आईनं माझं मनगट धरलं.

‘‘जेवायच्या वेळी उपाशी माणसाले जा म्हणतात का? मीच या म्हटलं ना त्यायले. बोलावलं तर वाढा लागते.’’

ती स्वयंपाकघरात गेली. तांदूळ धुतले, वरण लावलं. तिनं कोपऱ्यातल्या टेबलावर ताटं मांडली. भात, वरण, तूप, कडेला मीठ. आधी ती पाटी उचलून केराच्या डब्यात टाकली. मग हळूच म्हणाली, ‘‘सावकाश होऊ द्या.’’

भाताची वाफ एकदम विझली...

मग चावण्याचा आवाज सुरू झाला. मी तो आयुष्यात पुन्हा ऐकू इच्छित नाही. ओला, घाईचा, मध्येच गिळताना अडकणारा. दात नसलेल्या हिरड्यांचाही. ताटातला भात तसाच होता, पण माझ्या डोळ्यांसमोर तो करडा पडला, मग काळसर, मग त्याला घाण सुटली. आई तिथेच बसून वारा घालत राहिली. मी नाकाला पदर लावला. तिला काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर तिनं दाखवलं नाही.

आवाज मंदावत गेला. शेखर भिंतीशीच कलंडून झोपला होता.

खुर्च्या सरकल्या...

आई उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. गार हवा तिच्या पदराला लागून एकेक करून बाहेर जायला लागली. तिचे ओठ हलले. जन्मभराची सवय. ‘या’ तिच्या जिभेवर आलेलं मला दिसलं, आणि मी धावणार तोच तिनं स्वतःच पदराचा बोळा तोंडात कोंबला. हात जोडले. तशीच उभी राहिली, पदर शेवटचा हलून शांत होईपर्यंत.

शेखरला घेऊन घरी येताना ऑटोमध्ये ती रडत होती. म्हणाली, असं मुक्यानं कोणाले पाठवत नाईत.

त्या संध्याकाळी शेखरनं अर्धी पोळी खाल्ली आणि ताट सरकवलं. बस, म्हणाला. सोनिया देवापुढे जाऊन बसली. दिवाळीपर्यंत त्याच्या अंगावर पुन्हा मांस चढलं.

मला वाटलं होतं, तो आता हॉटेल बंद करेल.

त्यानं ते पुन्हा उघडलं. सोनियानं त्या खरवडलेल्या भिंतीचं रील टाकलं. लोक खास त्या कोपऱ्यात बसायला यायला लागले, भिंतीला जीभ लावून फोटो काढायला लागले. खरंच लावतात. मी पाहिलं आहे.

गेल्या आठवड्यात शेखरनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. कोपऱ्यात नवी पाटी. त्यावर एका शहराचं नाव. ते मी लिहिणार नाही. सध्याच्या युद्धातलं शहर आहे, रोज बातम्यांत असतं, तिथे पिठाच्या गाड्या अडवून ठेवल्या आहेत. नावाखाली लिहिलं होतं, अनलिमिटेड. सोनियानं खाली लाल बदाम टाकला होता.

मी फोन लावला. म्हटलं, ‘‘शेखर, तिथली माणसं अजून जिवंत आहेत.’’

तो म्हणाला, ‘‘इसीलिए तो चलेगा, दीदी.’’

कुकरमधल्या त्या पाण्याची किळस कधीतरी जाईल. हे वाक्य मला अजून घशात लागतं. मी त्याच्याशी बोलणं सोडलं आहे.

आज शाळेतून आले तर आईनं सगळ्यांत मोठं पातेलं काढलेलं. आम्ही दोघीच आहोत घरात. मी विचारलं, एवढा भात काहून?

ती तांदूळ धूत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘ह्या टाइमले सारी लहान लेकरंच आहेत, बाई.’’

हे लिहिते आहे तेव्हा भात शिजत आला आहे. तिनं ताटं मांडायला घेतली आहेत. मी तिला थांबवलेलं नाही.