वाचनालयातला चहाडखोर

“मी नाही सांगितलं!” भिंगरी तिसऱ्यांदा ओरडली. “आईशप्पथ, कुणालाही नाही!”

“मग कुणी सांगितलं? भिंतींना तोंडं फुटली का?” पैलवान दातओठ खात म्हणाला. “ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती. मला आणि तुला!”

एवढं बोलून त्याने चेंडू उचलला आणि तो मैदानातून तरातरा निघून गेला. सुट्टीचा हा चौथाच दिवस, आणि भिंगरीचा सगळ्यात जवळचा मित्र तिच्याशी कट्टी घेऊन मोकळा झाला होता!

पैलवान म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. शाळेच्या संघाचा गोलरक्षक. कितीही जोरात चेंडू येऊ दे, हा बेधडक अंग झोकून देणार. पण या पैलवानाला एकाच गोष्टीची भीती वाटायची. अंधाराची! तो अजून दिवा लावून झोपायचा. हे त्याने फक्त भिंगरीला सांगितलं होतं, तेही दहा वेळा शपथ घ्यायला लावून.

आणि आदल्या दिवशी सकाळी त्याच्या बाबांच्या फोनवर संदेश आला. ‘तुमच्या मुलाला अंधाराची भीती वाटते का? काळजी सोडा! आमच्या शिबिरात आजच नाव नोंदवा!’ फोन नेमका होता त्याच्या मोठ्या भावाच्या, दादाच्या हातात. दादाने तो संदेश अख्ख्या संघासमोर मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हापासून पैलवान मैदानात दिसला रे दिसला की कुणीतरी ओरडायचं, “दिवा लावा रे!”

भिंगरी मैदानाच्या कठड्यावर मटकन बसली. एरवी ती एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून तर तिला भिंगरी म्हणत. आज मात्र ती तिथून हलली नाही. तिच्या शेजारी वकील येऊन बसला. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचायची आणि मग त्यावर वाद घालायची सवय असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं.

“तू सांगितलं नाहीस. त्याने सांगितलं नाही. म्हणजे तिसरं कुणीतरी आहे,” वकील म्हणाला. “त्याने ही गोष्ट कुठे लिहिली होती का?”

“नाही. फक्त वाचनालयातल्या नव्या संगणकावर शोधली होती, भीती कशी घालवायची ते. घरी दादा सारखा डोकावतो ना, म्हणून तिथे.”

“अगं ताई!” भिंगरीची धाकटी बहीण टिकली एकदम उडालीच. “आईच्या फोनवर सशांच्या पिंजऱ्यांच्या जाहिराती येतायत!”

“त्याचा इथे काय संबंध?”

टिकलीने ओठ चावला. “ससा मी शोधला होता. वाचनालयात. आई नाही म्हणेल ना, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं.”

भिंगरी आणि वकील तिच्याकडे बघतच राहिले. टिकलीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदाच एक गुपित सांभाळलं होतं, आणि तेही फुटलं होतं!

“चला!” भिंगरी ताडकन उठली. “सापळा लावू या!”

वाचनालय म्हणजे दोनच खोल्या, पण मोठ्या खिडक्यांच्या. आतल्या खोलीत भिंतभर पुस्तकं. बाहेरच्या खोलीत ग्रंथपालबाईंचं टेबल आणि खिडकीखाली तीन नवे कोरे संगणक. दोन महिन्यांपूर्वी एका कंपनीने ते भेट दिले होते, त्यातल्या वाचनालयाच्या प्रोग्रॅमसकट. आपला कार्डनंबर टाकला की संगणक सुरू व्हायचा. आणि प्रत्येक कार्डामागे घरातला एक फोननंबर नोंदलेला होता. भिंगरीने तो आपापल्या सभासद-अर्जावर तपासून घेतला.

योजना साधी होती. वकिलाच्या कार्डामागे त्याच्या आजोबांचा नंबर होता. आजोबा निवृत्त बसचालक, आणि डोक्यावर केसांचं नुसतं जंगल. वकिलाने गंभीर चेहरा करून शोधलं, ‘टकलावर केस कसे उगवावेत’. भिंगरीच्या कार्डामागे आईचा नंबर. तिने शोधलं, ‘मिशा दाट करण्याचे उपाय’.

“आणि मी?” टिकलीने विचारलं.

“तुझं काम सगळ्यात अवघड,” वकील तिच्या कानाशी लागला. “मला गुपचूप बासरी शिकायचीय. कुणालाही सांगू नकोस हं!”

संध्याकाळपर्यंत बासरीची बातमी सतरा घरांत पोचली होती. शिंपीकाकांनी तर वकिलाला थांबवून “एखादी धून वाजव की!” असंही म्हणून घेतलं.

दोन दिवस तिघं डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी आजोबा चष्मा कपाळावर ढकलत बाहेर आले. “अरे, ही केसांचे टोप विकणारी माणसं माझ्या मागे का लागलीत? सकाळपासून चार संदेश!”

तिकडे आई दारातूनच ओरडली. “मिशांचं तेल? मला?”

बासरीबद्दल मात्र कुणाच्याही फोनवर चकार शब्द आला नव्हता.

“माणसांनी चहाडी केली की ती गल्लीत फिरते,” वकील म्हणाला. “फोनवर आली ती यंत्राने केलेली!”

भिंगरी धावत सुटली ती थेट पैलवानाच्या घरी. दार दादाने उघडलं. त्याच्यामागे संघातली दोन मुलं फिदीफिदी हसत होती आणि त्यांच्याही मागे, जिन्याच्या पायरीवर, पैलवान मान खाली घालून बसला होता.

“काय काम आहे?” दादाने विचारलं.

भिंगरीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की काय घडलं ते सांगायचं तर पैलवानाने काय शोधलं होतं तेही सांगावं लागणार. या सगळ्यांसमोर, पुन्हा एकदा! ती जाहिरात चुकून आली असेल, असं पैलवानाला अजून तरी म्हणता येत होतं.

“काही नाही,” ती म्हणाली आणि परत फिरली. घरी येईपर्यंत तिचे डोळे भरून आले होते.

आता एकच वाट उरली होती. वाचनालयाचे अध्यक्ष! हे शाळांचे निवृत्त तपासनीस. भिंतीवर इतक्या सूचना लावायचे की मुलं त्यांना सूचनाकाका म्हणायची.

“काहीतरीच काय!” सूचनाकाका हसले. “अरे, कंपनीने सगळं फुकट दिलंय. आणि समजा कुणी बघितलं, तर आपल्याला लपवण्यासारखं आहे काय? चांगल्या माणसाला कसली भीती?”

“करारनामा बघू का, काका?” वकिलाने अगदी अदबीने विचारलं.

करारनामा चांगला त्रेसष्ट पानांचा होता. दुपारभर वकील त्यात नाक खुपसून बसला आणि अचानक किंचाळला. “पान एक्केचाळीस! ‘वाचक काय शोधतो, काय वाचतो व त्याचा फोननंबर आमच्या सहयोगी संस्थांना देण्यास वाचनालयाची संमती आहे.’ खाली तुमची सही! हे वाचलं होतं तुम्ही, काका?”

“मी… चाळलं होतं,” सूचनाकाका पुटपुटले. त्यांच्या डोक्यावरच, भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना होती, ‘न वाचता सही करू नये.’ टिकलीने हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली.

“पण ते नुसतं लिहायचं असतं. प्रत्यक्षात असं कुणी करत नाही,” त्यांनी तरीही हेका सोडला नाही.

तेवढ्यात ग्रंथपालबाईंनी खण उघडला. “कंपनी दर महिन्याला हा अहवाल पाठवते. एकेका वाचकाचा वेगळा कागद. पहिला महिना उघडला, वरचं नाव दिसलं आणि तसाच बंद केला. पंचवीस वर्षं मी इथे आहे. पुस्तक दिलं की नाव पेन्सिलीने लिहायचे आणि परत आलं की खोडून टाकायचे. कुणी काय वाचलं ते मला ठेवायचंच नसायचं. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण यंत्रातलं मला काय कळतंय असं वाटलं.”

भिंगरीने गठ्ठा चाळला आणि सूचनाकाकांच्या कार्डाचा कागद वर काढला.

“वाच! मोठ्याने वाच!” वकील जागच्या जागी नाचायला लागला. “म्हणे लपवण्यासारखं काय आहे!”

भिंगरीचे हात शिवशिवले. एक ओळ वाचली की काकांची बोलती बंद! पण तिला दादाच्या हातातला फोन आठवला, सगळ्या संघाचं हसू आठवलं. तिने कागदाची घडी घातली आणि काकांच्या हातात दिली.

“हा तुमचा आहे, काका. आम्ही वाचलेला नाही.”

सूचनाकाकांनी घडी उघडली. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कागद पुन्हा दुमडला आणि खिशात घातला. त्यात काय होतं ते त्या चौघांतल्या कुणालाही कधीच कळलं नाही.

“बंद करा ती यंत्रं,” ते म्हणाले. “पण मग वाचनालय चालायचं कसं? नोंदी सगळ्या त्यातच आहेत.”

“माझी आत्या आहे ना!” भिंगरी म्हणाली.

आत्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. चहाच्या कपात स्क्रू, भिंतीवर वायरींची भेंडोळी, आणि मधोमध आत्या, पेचकस कानावर खोचून! भिंगरीला तर आत्यापुढे कुणी भारी वाटायचंच नाही. आत्याने सगळं ऐकलं आणि कंपनीचा प्रोग्रॅम एकदा चालवून बघितला.

“हा फुकट आहे, पण कुलूपबंद,” ती म्हणाली. “आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, दिसलं तरी बदलता येत नाही. आता हा बघ. हासुद्धा वाचनालयांचाच, पण मुक्त. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलाय. कसा लिहिलाय ते कुणीही वाचावं, आपल्याला हवं तसं बदलावं आणि पुढे दुसऱ्याला द्यावं!”

पडद्यावर ओळींमागून ओळी सरकायला लागल्या. मधूनमधून लिहिणाऱ्यांच्या टिपा होत्या. एकाने लिहिलं होतं, ‘इथे जपून, मी दोनदा आपटलोय.’ भिंगरी थक्क झाली. ज्यांना आपण कधी बघितलंही नाही, त्यांनी इतकं मोठं काम करून दार सताड उघडं ठेवलं होतं!

मग दहा दिवस नुसती धमाल! वकिलाने सगळ्या बटणांवरचे शब्द मराठीत केले. टिकलीने प्रत्येक बटणावर ससा काढला. त्यातला एकच ठेवायला आत्याने परवानगी दिली. संगणक शोधायला वापरताना कार्डनंबर मागायचाच नाही, असंही ठरलं. एक अडचण मात्र होती. कोणत्या वाचकाने कोणतं पुस्तक नेलं होतं, ते हा प्रोग्रॅमही जपून ठेवत होता.

“बाईंची पेन्सिल!” भिंगरी ओरडली. “परत आलं की खोडायचं! ते मी करते!”

पहिल्या प्रयत्नात पुस्तक परत केल्याबरोबर वाचकाचं नाव पुसलं गेलं. आणि पुस्तकाचंही! एका फटक्यात अख्खं कपाट यादीतून गडप! भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं.

“म्हणून तर नकलेवर काम करायचं असतं,” आत्या शांतपणे म्हणाली. “पुन्हा कर.”

सातव्या प्रयत्नात जमलं. भिंगरीने त्या तुकड्याला नाव दिलं ‘खोडरबर’. ग्रंथपालबाईंनी तीन वेळा पुस्तक देऊन, घेऊन बघितलं आणि भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! अगदी माझ्या हातासारखं काम करतंय!” आत्याने तो बदल इतरांसाठीही खुला केला, आणि चारच दिवसांत कुठल्याशा दूरच्या गावच्या ग्रंथपालाचं उत्तर आलं. ‘आमच्याकडेही लावला. तुमची एक ओळ दुरुस्त केली आहे, बघा. लिहिणाऱ्याला सलाम!’

वाचनालय पुन्हा उघडलं त्या दिवशी दारावर सूचनाकाकांच्या हातची नवी सूचना होती. ‘गेले दोन महिने आपल्या संगणकांवरून वाचकांची माहिती बाहेर गेली. ती कुणाही माणसाने सांगितलेली नाही. न वाचता सही मी केली. चूक माझी आहे. ही चूक शोधून दुरुस्त करणाऱ्या मुलांचा वाचनालयाला अभिमान वाटतो.’ काकांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचूनही दाखवली, आवाज जरासा कापत होता तरी. कंपनीला पत्र गेलं होतं, अहवालातले कागद ज्याचे त्याला बंद पाकिटातून देऊन झाले होते.

गर्दीत मागे पैलवान उभा होता. तो पुढे आला आणि भिंगरी बसली होती त्या संगणकाच्या टेबलापाशी थांबला.

“त्या दिवशी तू घरी आली होतीस. हेच सांगायला ना?” त्याने हळूच विचारलं. “मग सांगितलं का नाहीस?”

“दादा होता ना तिथे. आणि ती दोघं.”

पैलवान नखाने टेबल कुरतडत राहिला. “चुकलं माझं,” तो शेवटी म्हणाला. “खूप चुकलं, भिंगरी.”

तेवढ्यात दाराकडून कुणीतरी ओरडलं, “दिवा लावा रे!” संघ हसायला लागला.

पैलवान गर्रकन वळला.

“हो, वाटते मला अंधाराची भीती!” पैलवान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “दिवा लावूनच झोपतो मी. त्या यंत्राने सांगितलं तेव्हा लाज वाटली. आता माझं मी सांगतोय. आणखी काही विचारायचंय?”

हसू कुठल्या कुठे विरलं. मग दारात उभ्या असलेल्या दादाने घसा खाकरला.

“मी नववीपर्यंत लावायचो,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“काय?” पैलवान ओरडला. “आणि मला कधी सांगितलं नाहीस?”

“तू कधी विचारलंस?” दादा म्हणाला, आणि तो आत येऊन आपल्या धाकट्या भावाशेजारी उभा राहिला.